‘खवीस’: भूत की स्वभाव?

अनुवादिका:
एका मराठी कथेचा हिंदी अनुवाद करताना ‘आमचे गणिताचे मास्तर मोठे खवीस होते’ या वाक्यात मी ‘ख़बीस’ हाच शब्द ठेवला, तर संपादकांनी तो खोडून परत पाठवला. हिंदी-उर्दूत ती नीच वृत्तीच्या माणसाला द्यायची शिवी आहे, असे ते म्हणतात. माझ्या आजीच्या बोलण्यात मात्र खवीस म्हणजे कडक, तुसडा, कोणालाही न जुमानणारा म्हातारा. आणि तिन्हीसांजेला विहिरीपाशी धरतो तोही खवीसच. दोन्ही अर्थ पेलणारा हिंदी शब्द कोणी सुचवेल का?

घाटमाथा:
मुळात हा शब्द परका का मानावा? पिशाचांची माता कपिशा. तिच्यावरून कपिश, कवीस, खवीस अशी परंपरा सरळ लागते. आमच्या गावी तर ‘खा वीस’, म्हणजे एका बैठकीत वीस माणसे खाणारा, अशी फोड सांगत. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि आपण भुतांनाही अरबी कूळ चिकटवतो, याचे मला वाईट वाटते. ‘वेताळ’ लिहा, हिंदी वाचकाला कळेल.

जुना वाचक:
घाटमाथा, कपिशेपर्यंत जाण्याची गरजच नाही. अरबीत ‘ख़बीस’ म्हणजे अशुद्ध, दुष्ट. त्यातले शेवटचे अरबी अक्षर फारसीत ‘स’ असे उच्चारले जाते, जसे आपल्या ‘वारस’ आणि ‘मिरास’ या शब्दांत झाले. आणि ब-व यांची अदलाबदल नवाब-नबाब, जवाब-जबाब या जोड्यांत रोज दिसते. विशेषणाचे भूत कसे झाले, याचा धागाही त्याच धातूत सापडतो: शौचास जाण्यापूर्वी मुसलमान जी दुवा म्हणतात, तीत ‘खुबुस’ आणि ‘ख़बाइस’, म्हणजे नर आणि मादी सैतान, यांच्यापासून रक्षण मागितलेले असते. मराठीत येताना घाणीचा अर्थ गळाला आणि धाक तेवढा उरला, हे मला या शब्दाचे सर्वांत सुंदर वळण वाटते.

वेंगुर्लेकर:
आमच्याकडे जुनी माणसे ब्राह्मणाच्या भुताला समंध, सोडमुंजीआधी गेलेल्या मुलाच्या भुताला मुंजा आणि मुसलमानाच्या भुताला खवीस म्हणत. वेताळ मात्र कृपया लिहू नये. आरवलीचा वेतोबा हे आमचे ग्रामदैवत आहे; नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. त्याला भुतांच्या पंगतीत बसवलेले आम्हाला सहन होत नाही.

अनुवादिका:
मास्तर अजून तसेच राहिले आहेत. ‘खड़ूस’ हिंदीत कळतो, पण खडूस मास्तरांना मुले पाठीमागे नावे ठेवतात. खवीस मास्तर वर्गाबाहेर गेले तरी कोणी बाकावरून हलत नाही.

घाटमाथा:
वेतोबाबद्दल क्षमस्व, तो शब्द मागे घेतो. पण कर्पराचे ‘खापर’ आणि कुब्जाचा ‘खुजा’ झाला, म्हणजे ‘क’चा ‘ख’ मराठीला नवा नाही. जुना वाचक यांनी याचे उत्तर द्यावे.