बोर्ड टाकला म्हणजे मशीन दुरुस्त झालं?

तळघरवाला

काल इथे एकांनी फोटो टाकले होते. युनायटेड कंपनीचं, लाकडी पाटावर चकती सरकवून खेळायचं साठच्या दशकातलं बोलिंगचं मशीन, म्हणजे शफल अ‍ॅली. आतले रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), स्टेपर (ठोक्यागणिक एक घर पुढे सरकणारे स्विच), वायरींचे जुडगे, सगळं कापून काढलं आणि जागी तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. वर ओळ: "तीन वीकेंडांत दुरुस्त. जुन्या वायरींची कटकट कायमची संपली." खाली कौतुकाचा पाऊस. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

साहेब, हे दुरुस्त करणं नाही. पेटी ठेवलीत, मशीन काढून टाकलंत.

ते गुण कसं मोजतं हे कापण्याआधी एकदा बसून पाहिलं होतंत का? चकती पिनांना शिवतसुद्धा नाही. लाकडातून वर आलेल्या तारेवरून ती सरकते, खालच्या स्विचच्या पात्या क्षणभर चिकटतात, त्या पिनेचा रिले सुटतो आणि पिन वर दुमडते. तो क्षण इतका छोटा की रिलेने धरून ठेवला नाही तर हरवलाच. मग स्कोर मोटर फिरते, तिच्या कॅमवरच्या पात्या एकेक ठोका पाठवतात आणि आकड्याचं चाक खट् खट् पुढे जातं. स्ट्राइक झाला (पहिल्याच फेकीत सगळ्या पिना) की पुढच्या दोन फेकींचे गुण मागच्या फ्रेमला (फेरीला) धरायचे, स्पेअरला (दोन फेकींत सगळ्या पिना) एकाच फेकीचे. हा हिशेब एकाही ट्रान्झिस्टरशिवाय चालतो. मागच्या फेरीत स्ट्राइक होता ही आठवण म्हणजे काय, तर एक रिले ओढलेला राहिलाय. मी मुलीला बोट ठेवून दाखवलंय, ही बघ आठवण. तुमच्या बोर्डात बोट कुठे ठेवणार?

माझं मशीन विस्कॉन्सिनमधल्या एका बंद पडलेल्या बारमधून आलं. प्लग लावला आणि मोटर फिरतच राहिली. मलाही चौघांनी बोर्ड टाकायला सांगितलं. मी स्कीमॅटिक, म्हणजे वायरींचा नकाशा, जेवणाच्या टेबलावर पसरलं. रिसेट थांबत नाही, म्हणजे कुठलं तरी चाक शून्यावर आल्याचं मशीनला कळत नाहीये. दुसऱ्या खेळाडूचं दहाचं चाक निघालं. शून्याला सुटायची पाती वाकून चिकटून बसली होती. चिमट्याने जराशी उचलली, मोटर थांबली. खर्च शून्य.

मग सातची पिन पडेना. हाताने तार दाबली, रिले हलेना. वीज बंद करून रिलेची कॉइल (तारेचं वेटोळं) मोजली, ठणठणीत. पात्यांवर पांढरा थर होता, कित्येक वर्षांची पावडर आणि मेण. कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून दोनदा ओढली, काम झालं. स्टेपरचं ग्रीस मात्र लाखेसारखं घट्ट झालेलं. सगळे सुटे करून पुसायला दोन रविवार गेले. चार महिने लागले, मान्य. पण आज ते १९४९ साली पहिली शफल अ‍ॅली काढणाऱ्या युनायटेडच्या घराण्यातलंच मशीन आहे. पुढे १९६४ मध्ये विल्यम्सने ती कंपनी घेतली, नवे सुटे भाग कधीच बंद झाले. म्हणून जे उरलंय ते कापू नका एवढंच म्हणणं.

आणि हो, एका फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळलेली सापडली. त्या बारवाल्याने इतकी वर्षं ते मशीन तसंच चालवलं.

बोर्डकर

ते फोटो माझेच. नाव न घेता लिहिलंत, पण सगळ्यांना कळलं.

तुमच्या मशीनची पाती वाकली होती. माझ्यात उंदरांनी घर केलं होतं. बॅकबॉक्सकडे (गुण दाखवणाऱ्या वरच्या पेटीकडे) जाणारा जुडगा कुरतडलेला, वायरींवरचं कापडी आवरण हात लावला की भुगा. जुडगे जोडणाऱ्या जोन्स प्लगच्या पिना गंजून हिरव्या. या मॉडेलचं स्कीमॅटिक सहा महिने शोधलं, मिळालं नाही. वर दोन पिनांचा जुना कॉर्ड, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि घरात सात वर्षांचा मुलगा त्याला हात लावणार. मी काय करायला हवं होतं? शेकडो वायरी रंग ओळखून एकेक जोडत बसायचं? नोकरी आहे मला.

मुलगा रोज खेळतो. तुमच्या लेखी ते मशीन मेलं असेल, आमच्या घरात ते जिवंत आहे.

एक्स्चेंजमन

मी मुंबईत जुन्या स्ट्राउजर पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं. हा स्टेपर आमच्याच कुळातला. कॅन्सस सिटीच्या ज्या स्ट्राउजरने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तो अंत्यविधीचं काम करणारा होता. तुमच्या बोलिंगमधली चाकं आणि आमचे सिलेक्टर शेजारी ठेवले तर कोणालाही नातं दिसेल.

तळघरवाले, तुमचं बरोबर आहे. एक गोष्ट मात्र जोडतो, कारण इथे कोणीतरी उद्या करेल. चांदीच्या पॉइंटवर (पात्या जिथे एकमेकींना भिडतात त्या टोकांवर) पॉलिशपेपर मारू नका. वरचा काळा थर घालवायला कागद किंवा बर्निशर (घासून चकचकीत करायची गुळगुळीत पट्टी) पुरतो. मोठ्या करंटचे टंगस्टनचे पॉइंट असतील तिथे बारीक कानस चालते. आणि कोणी डब्ल्यूडी-४० फवारायला सांगितलं तर त्या माणसाला मशीनपासून लांब ठेवा. ते पेट घेतं, मागे चिकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते. ठिणगी उडणाऱ्या पेटीत ते मारायचं?

बोर्डकर, उंदरांनी खाल्लेला जुडगा मी समजू शकतो. पण सुटे केलेले रिले फेकून दिले असतील तर मला वाईट वाटेल.

चंदेरीबद्दल: हा प्रकार आपल्याकडे घराघरांत होता. किटकॅटमधली (चिनीमातीच्या फ्यूजमधली) तार उडाली की तांब्याची तार.

ठाणेकर_वायरमन

त्यात काय एवढं? चाळीत आम्ही तांब्याच्या वायरीचा एक धागा काढून किटकॅटमध्ये घालायचो. रात्री अकरा वाजता फ्यूजची तार आणायला कोण जाणार? तीस वर्षं चाललं, कोणाचं घर जळलं नाही. हल्ली सगळ्याचंच भय दाखवतात. एमसीबी ट्रिप झाली की लोक घाबरून मला फोन करतात, वर करून पाहतसुद्धा नाहीत.

जुनी_पेठ

"कोणाचं घर जळलं नाही" म्हणे! आमच्या वाड्यात शेजारच्या बिऱ्हाडात असाच धागा घातला होता. गिझर आला, वायर भिंतीत तापत राहिली, फ्यूज काही उडाला नाही. पहाटे पडदे पेटले. आजींचे हात भाजले. तुमच्या तीस वर्षांना मी काय करू?

ठाणेकर_वायरमन

तो गिझर लावणाऱ्याचा दोष. वेगळी लाइन ओढायला हवी होती. मी कधी पॉवरच्या लाइनवर असं केलेलं नाही, दिव्यांच्या लाइनवर केलंय.

एक्स्चेंजमन

दोष कोणाचा हे जळाल्यावर ठरतं. तेवढ्याच जाडीची तांब्याची तार कथिल-शिशाच्या तारेपेक्षा किती तरी जास्त करंट सोसते. म्हणजे किटकॅट जागेवर राहतं आणि भिंतीतली वायर फ्यूज होते. तुम्ही वायरमन आहात, हे तुम्हाला मी सांगायला नको होतं.

ठाणेकर_वायरमन

शिकवू नका. तुम्ही एक्स्चेंजमध्ये एसीत बसलात, मी खांबावर चढलोय.

एक्स्चेंजमन

एसी माणसांसाठी नव्हता, उपकरणांसाठी होता, आणि रात्रपाळीला आम्हीही शिडीवरच असायचो. बॅटरीरूममध्ये सहकाऱ्याच्या अंगठीने शॉर्ट झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. बोट वाचलं, अंगठी कापून काढावी लागली. त्यामुळे या विषयावर मी गप्प बसणार नाही.

जुनी_पेठ

+१. आणि आजही बाजारात किटकॅट मिळतं. घरमालक म्हणतात, एमसीबीला खर्च येतो. भाडेकरूने काय करायचं? आमच्या मालकांनी दोन वर्षं टोलवलं, शेवटी मीच पदरचे पैसे घातले आणि ते भाड्यातून कापून द्यायलाही नकार.

जर्सीकरीण

फ्यूजवरून घरमालकांवर गेलात, जरा मूळ धाग्यावर येते. आमच्या गॅरेजमध्ये शिकागो कॉइन कंपनीची शफल अ‍ॅली सहा वर्षं उघडी पडली आहे. यांनी "मूळ स्वरूपात" करायची म्हणून घेतली. गाडी हिवाळ्यात बाहेर, बर्फ मी खरवडते. मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा आणली, आता ती पंधराची, तिला त्यात रस उरलेला नाही. तळघरवाल्यांचे चार महिने मला खरे वाटतात, पण बहुतेक घरांत ते सहा वर्षं होतात हेही लिहा. बोर्डकरांच्या मुलाने सात वर्षांचा असतानाच खेळून घेतलं. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. भारतातून आणलेली कॅरमची बोरिक पावडर यांनी त्या लाकडावर टाकून पाहिली. ती फटींतून खाली गेली आणि पात्या पुन्हा साफ कराव्या लागल्या. ते करू नका.

तळघरवाला

जर्सीकरीणताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. खरंच. माझ्या घरीही टेबल महिनाभर अडलं होतं आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो. ते मी लिहायचं टाळलं होतं.

तुमच्या मशीनला अमुक एक दोष आहे की सगळंच बंद आहे? सगळंच बंद असेल तर आधी फ्यूज आणि जोन्स प्लग. मोटर फिरतच राहत असेल तर शून्याच्या पात्या. यांना एका वेळी एकच दोष धरायला सांगा. मी शनिवारी व्हिडिओवर बसतो.

बोर्डकर, उंदीर आणि मुलाबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. तीन पिनांचा अर्थिंगचा कॉर्ड मीही पहिल्याच दिवशी घातला. पण एक विचारतो. त्या कॉइल एसीच्या आहेत. बोर्डमधून तेवढाच डीसी दिलात का? एसीच्या कॉइलला तेवढाच डीसी दिला की करंट जास्त जातो आणि ती तापते. शिवाय कॉइल सुटताना जो झटका येतो त्याने बोर्ड रिसेट होतो.

बोर्डकर

झटक्याची सोय केली आहे, प्रत्येक कॉइलला डायोड आणि मध्ये ऑप्टोकपलर (उजेडातून संदेश नेणारा, बोर्ड वेगळा ठेवणारा भाग). एवढं येतं मला.

तापण्याचं म्हणाल तर पिन रिसेटच्या कॉइलला दुसऱ्या आठवड्यात जळका वास आला होता. तेव्हा व्होल्टेज कमी केलं. पिना आता जरा आळसावून उठतात. हे फोटोखाली लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. ठीक आहे.

पण जुडगा परत बसवणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही आणि उगाच आशा दाखवत नाही.

तळघरवाला

नका बसवू. त्या कॉइलच्या आतली नायलॉनची नळी वितळलीय का तेवढं बघा. वितळली असेल तर प्लंजर (आतला सरकता दांडा) अडकेल आणि कॉइल कायमची जाईल. तेल मात्र घालू नका.

काढलेले भाग कुठे आहेत?

बोर्डकर

दोन खोक्यांत, शेडमध्ये. फेकणार होतो, बायको म्हणाली राहू दे. पिनांचे दहा रिले आहेत, त्यातल्या दोनांचे पॉइंट जळालेत. स्कोर मोटर फिरते. स्टेपर मी उघडलेला नाही.

एक्स्चेंजमन

स्टेपर उघडण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा. घड्याळासारखी स्प्रिंग असते, सुटली की किती वळसे होते ते आठवत नाही.

जर्सीकरीण

आमच्या मशीनमध्ये तीन पिनांचे रिले गेलेत. कंपनी वेगळी आहे, बसतील का माहीत नाही, पण यांना विचारून सांगते. खोकी फेकू नका.

ठाणेकर_वायरमन

एवढं सगळं वाचून काल आईच्या घरचं किटकॅट उघडलं. तांब्याचा धागाच होता, मीच घातलेला. काढला. जुनी_पेठ यांनी आता त्यावर बोलू नये.

बोर्डकर

खोकी ठेवतो. टपालखर्च ज्याचा त्याने द्यायचा. रविवारी एकेका भागाचा फोटो टाकतो, वायरींच्या रंगासकट.