सभासद नसलेल्यांच्या मेलचं काय करायचं?

मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना मेल जाते, अशा यादीवर) सभासद नसलेल्याची मेल आली की ‘आधी नाव नोंदवा’ असा निरोप आपोआप परत जावा, ही सूचना सोपी दिसते, पण मी तरी ती सेटिंग लावणार नाही. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. मग आपला निरोप भलत्याच्याच माथी जातो आणि वर आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जायचा.

मेलमनमध्ये (अशा याद्या चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) या मेल ‘होल्ड’वर, म्हणजे तुम्ही तपासेपर्यंत रांगेत, ठेवा. रांग चाळलीत की बरेच ‘परके’ आपलेच निघतात: नोंदणी घरच्या पत्त्यावरून, उत्तर ऑफिसच्या. तो दुसरा पत्ताही डिलिव्हरी बंद ठेवून जोडून टाका, कटकट मिटली. खरोखरचा पाहुणा असेल तर उत्तर देणाऱ्यांनी ‘रिप्लाय ऑल’ करायला हवं, नाहीतर त्याला काही पोचणारच नाही. लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर सभासद नसतानाही लिहिता येतं, ते याच शिस्तीवर.

आणि ‘मी तर सभासद होतो!’ म्हणत कोणी भांडायला आलं तर आधी बाउन्सची (न पोचता परत आलेल्या मेलची) नोंद बघा; मेल वारंवार परत आल्या की मेलमन त्या सभासदाची डिलिव्हरी थांबवून शेवटी नावच काढून टाकतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासायच्या पद्धतीचं) धोरण कडक केलं, तेव्हा याद्यांवरून आलेल्या याहूवाल्यांच्या मेल जीमेलने परत फिरवल्या, आणि नावं उडाली ती बिचाऱ्या जीमेलवाल्यांची.