मिसेस बीटन: लेखिका की उचलेगिरी?

तिरकीरेघ:
इझाबेला बीटनचं चरित्र वाचून संपवलं आणि चिडचिड झाली. 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' हे स्वयंपाक आणि घरकामाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिणारी म्हणजे कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली साठीची बाई असणार, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात १८६१ मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती २५ वर्षांची होती. नवरा सॅम्युएल प्रकाशक. त्याच्या मासिकात तिने १८५७ मध्ये लिहायला घेतलं तेव्हा संसार मांडून जेमतेम वर्ष झालेलं. आणि बऱ्याच पाककृती एलायझा ॲक्टन या इंग्रज लेखिकेच्या १८४५ च्या पाकपुस्तकातून ढापलेल्या, नामोल्लेखाशिवाय. आपलं लिखाण लोक परस्पर उचलतात, असं गाऱ्हाणं ॲक्टनबाईंनी १८५५ मध्येच मांडलं होतं. १८५९ मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी बीटनच्या पुस्तकाचे मासिक भाग निघू लागले. माझ्या मते ही बाई लेखिका नव्हे, कात्री चालवणारी.

वाटीचमचा:
अहो, शीर्षकपृष्ठावर 'संपादन' असंच छापलंय. लेखिका आपण म्हणतो, ती नाही. ॲक्टनच्या कृतींत जिन्नसांची यादी शेवटी यायची. बीटनने ती वर आणली. शिवाय वेळ किती, खर्च अंदाजे किती, किती माणसांना पुरेल, कुठल्या मोसमात मिळेल, हे सगळं ठरलेल्या जागी. पातेलं चुलीवर चढल्यावर 'आता जायफळ घाला' वाचायची वेळ आलेल्यालाच याची किंमत कळते. चरित्र वाचून नाही कळत.

तिरकीरेघ:
टोमणा पोचला. पण मोजून-मापून यादी द्यायची मूळ अक्कल ॲक्टनचीच ना? हिने ती खालून वर सरकवली. आणि मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकडायची म्हणे! मी हौसेने उकडली. पावणेदोन तासांनी काट्याने उचलता येईनात, चमच्याने वाढली.

उंबरठा:
गाजरांवर हसा, पण तारखाही बघा. पहिलं मूल १८५७ मध्ये तीन महिन्यांचं असताना गेलं. त्यानंतर हे २४ भागांचं काम. एवढे कष्ट पडतील हे आधी कळतं तर हात घालायचं धाडसच झालं नसतं, असं ती प्रस्तावनेत कबूल करते. १८५८ च्या हिवाळ्यात गावातल्या डझनभर कुटुंबांसाठी दर आठवड्याला आठ-नऊ गॅलन सूप करायची. ती कृती पुस्तकात आहे, आणि तिच्या स्वतःच्या चुलीवरची आहे. फेब्रुवारी १८६५ मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर आठवड्याभरात सूतिकाज्वराने गेली. वय २८.

वाटीचमचा:
पुढच्याच वर्षी नवरा कर्जात बुडाला आणि त्याने हक्क विकून टाकले. नव्या प्रकाशकांनी ती गेल्याचं कुणाला कळूच दिलं नाही. आवृत्त्या फुगवत नेल्या, नाव तिचंच. तुमच्या मनातली ती किल्ल्यांची बाई त्यांनी घडवली.

तिरकीरेघ:
मग अर्धा राग तिकडे वळवतो. अर्धा राहणार. चार ओळींत ॲक्टनचे आभार मानायला किती शाई लागली असती?

ता.क. उंबरठा, सूपची कृती काढून पाहिली. १० गॅलन पाणी, अर्धा पौंड गाजरं, वेळ साडेसहा तास. गाजरांचं काही खरं नाही.