पाच फूट तीन इंच आणि एनबीए?

भाचा तेरा वर्षांचा. ‘बुटका’ म्हणून शाळेच्या बास्केटबॉल टीममधून वगळलाय. त्याला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेल्या, पाच फूट तीन इंचांच्या मग्सी बोग्सबद्दल सांगू, की उगाच आशा लावल्यासारखं होईल?

> सांगाच! १९८७ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वॉशिंग्टनच्या संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर उचललं. संघात सोबत ७ फूट ७ इंचांचा मनूट बोल. दोघांचा फोटो दाखवा, पोरगं हसत सुटेल.

> फोटो राहू दे, त्याचं ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, दाखवा. चेंडू गुडघ्याच्याही खाली. उंच माणूस वाकेपर्यंत हा पठ्ठ्या पसार! १४ हंगाम काय उगाच खेळला? १९९३ मध्ये ७ फुटी यूइंगचा शॉटही अडवला.

पुढे कोच झाला ना?

> हो, २००५ मध्ये, शार्लट स्टिंग या महिला संघाचा. तिथे मात्र डाळ फारशी शिजली नाही. १४ विजय, ३० पराभव. २००७ च्या जानेवारीत संघच गुंडाळला.

हे शेवटचं भाच्याला नंतर सांगतो.