अनुभव धागा: क्रूझचा एक दिवस पेनांगमध्ये, सिटी बसने

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर मलेशियातलं पेनांग बेट हा नेहमीचा थांबा. जहाजावरून बुक केलेल्या सहलीचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. रॅपिड पेनांग या सिटी बसचं तिकीट मात्र बहुतेक ठिकाणी दोन रिंगिटच्या आसपास, आणि रिंगिट (मलेशियाचं चलन) म्हणजे साधारण २०-२२ रुपये. तिथे बसने फिरलेल्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. बस कोणती, कुठून मिळते, किती वेळ लागतो आणि फसगत कुठे होते, एवढंच.

सिंगापूरकर

पहिली गोष्ट, जहाज थेट स्वेटनहॅम पिअरच्या धक्क्याला लागतं. छोट्या होड्यांची भानगड नाही. बाहेर पडलात की राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा दिसतो (तो खरंच कललेला आहे, जहाजाचा हेलकावा तुमच्या डोक्यात राहिलेला नाही). तिथून डावीकडे वळून, समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहा. दहा-बारा मिनिटांत वेल्ड क्वेचं बस टर्मिनल येतं. फेरीचा धक्काही तिथेच, म्हणून पाटीवर आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘जेटी’.

गेटवर टॅक्सीवाले गाठतातच. हसून पुढे जा. बस जेटीवरूनच पकडायची, कारण गाड्या तिथून सुटतात आणि बसायला जागा मिळते. पुढचा मोठा थांबा कोमटार, म्हणजे गावातली उंच इमारत. तिथे गाडी भरते आणि नंतर उभ्यानेच प्रवास.

सुट्टेवाला

बसच्या बाबतीत सगळ्यात जास्त लोक सुट्ट्यांवर अडतात. ड्रायव्हरला उतरायचं ठिकाण सांगायचं, तो भाडं सांगतो, पैसे त्याच्या शेजारच्या पेटीत टाकायचे. पेटीतून पैसे परत येत नाहीत. ५० ची नोट घेऊन चढलात तर खाली उतरा किंवा ५० ला मुका. भाडं अंतरावर: पहिल्या ७ किलोमीटरला १.४०, मग २, २.७०, ३.४० आणि सर्वात लांबच्या टप्प्याला ४ रिंगिट. चौघांच्या दिवसभराच्या फिरण्यासाठी एकच्या वीसेक नोटा आणि २० सेनची दहा नाणी पुरतात.

पैसे बदलून घ्यायला लिटल इंडियात जा, लेबुह पासार या रस्त्याच्या आसपास मनी चेंजर भरपूर आहेत. पैसे घेतानाच दहाच्या एक-दोन नोटांचे एक-एक मागून घ्या. नाहीतर पाण्याची बाटली घ्या आणि मोड मिळवा. तिकीट उतरेपर्यंत फेकू नका, तपासनीस चढतो.

सात दिवसांचा पासही मिळतो. एका दिवसासाठी त्यात काही अर्थ नाही.

टेकडीप्रेमी

२०४ नंबर: जेटी – कोमटार – एअर इताम – पेनांग हिल. पाटीवर इंग्रजी नाव शोधत बसू नका, ‘बुकित बेंदेरा’ लिहिलेलं असतं. शेवटच्या थांब्यापर्यंत ४५ मिनिटं धरा, शनिवार-रविवारी तास.

केक लोक सी मंदिर याच रस्त्यावर, टेकडीच्या अलीकडे. एअर इतामच्या बाजाराजवळ उतरायचं आणि दुकानांच्या बोळातून चढत जायचं. दोन्ही करायचं असेल तर आधी टेकडी, परतताना मंदिर. कारणं दोन. दुपारनंतर वर ढग येतात आणि तीस रिंगिटमध्ये पांढरा पडदा दिसतो. आणि फ्युनिक्युलरची (टेकडी चढणाऱ्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेची) रांग सकाळी नऊनंतर वाढतच जाते.

ही रेल्वे १९२३ ची, पण सध्याच्या गाड्या २०११ पासूनच्या. पूर्वी मध्ये गाडी बदलावी लागायची, आता एका दमात वर. परदेशी प्रौढाला जाऊन-येऊन ३० रिंगिट. म्हणजे बसने जाऊन-येऊन चार आणि डब्यात बसायचे तीस! खर्च कुठे होतो ते लक्षात ठेवूनच टेकडी निवडा. मलेशियाच्या शाळांना सुट्टी असेल तर वर जायला आणि खाली यायला वेगवेगळं थांबावं लागतं. खाली यायची रांग लोक हिशेबात धरत नाहीत आणि तिथेच जहाज चुकायची वेळ येते.

आजी-आजोबांसोबत

टेकडीप्रेमी, सोबत वयस्कर माणसं असतील तर माझ्या मते टेकडी सोडाच. त्यांच्यासाठी कॅट बस. जॉर्जटाउनच्या, म्हणजे धक्क्याजवळच्या गावाच्या, जुन्या भागात फिरते, पूर्ण फुकट, जेटीवरून सुटते आणि जेटीवरच परत येते. एसी इतका की शाल लागते.

फक्त ती एकाच दिशेने गोल फिरते. दोन थांबे मागे जायचं असेल तर अख्खी फेरी मारावी लागते, ट्रॅफिक असेल तर पाऊण तासाची. त्यामुळे आधी न उतरता एक फेरी पूर्ण करा, काय कुठे आहे ते बघा, मग दुसऱ्या गाडीने हव्या त्या थांब्यावर उतरा. लिटल इंडिया, फोर्ट कॉर्नवॉलिस आणि च्यू जेटीची (बस टर्मिनलची जेटी नव्हे) पाण्यावरची लाकडी घरं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, तिथे बसची वाट बघत उभं राहू नका.

शाकाहारी

जेवणाचं काय? एअर इतामचा लाक्सा प्रसिद्ध आहे असं वाचलं.

टेकडीप्रेमी

तो माशाच्या रस्स्यातला. तुमच्या कामाचा नाही.

सुट्टेवाला

लेबुह क्वीन या रस्त्यावर १८३३ चं मारिअम्मन मंदिर आहे. त्याच्या आजूबाजूला केळीच्या पानावर जेवण देणारी तमिळ हॉटेलं आहेत, शुद्ध शाकाहारीही. एकवीरेला जाऊन आल्यासारखं दर्शन आणि जेवण एका फेरीत.

समुद्राकाठी

१०१ नंबरच्या बसबद्दल कुणी लिहिलं नाही. जेटी, कोमटार करत बातू फेरिंगीच्या समुद्रकिनाऱ्याला आणि पुढे तेलुक बाहांगला जाते. फेरिंगीचं भाडं २.७०. रस्ता वळणावळणाचा, तासभर सहज. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. किनारा बरा आहे, पण समुद्रात जेलीफिश असतात. सात-आठ तासांच्या थांब्यात दोन तास बसमध्ये घालवून जावं असा मुळीच नाही. कोकणातल्या माणसाने तर नाहीच.

त्याच १०१ ने जालान बर्मा या रस्त्यावर पुलाउ तिकुस भागाच्या अलीकडे उतरा. दोन मिनिटांवर थाई मंदिर, आत ३३ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध. समोरच बर्मी मंदिर. दोन्हीकडे प्रवेश फुकट. जेटीपासून जाऊन-येऊन अडीच तासांत होतं.

थांब्यावर बस आपणहून थांबेलच असं नाही, हात करा. गाडीच्या आत थांब्यांची घोषणा होईल याच्या भरवशावर राहू नका. फोनवर नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि निळा ठिपका बघून बेल दाबा.

सिंगापूरकर

वेळेचं एक राहिलं. मलेशिया आणि सिंगापूरचं घड्याळ एकच, पण फुकेतचं एक तास मागे. जहाज आधी फुकेतला जाऊन आलं असेल तर फोन, जहाज आणि गाव यांची घड्याळं जुळतातच असं नाही. उतरताना गँगवेवरच्या (जहाजातून उतरायच्या पुलावरच्या) पाटीवरची ‘परत या’ची वेळ फोटो काढून ठेवा. ती जहाज सुटायच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधीची असते.

त्या वेळेच्या दोन तास आधी जेटीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेले असा. संध्याकाळी पाच ते सात कोमटारच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. अर्धा तास उभं राहूनही २०४ आली नाही तर ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) बोलवा, टेकडीपासून धक्क्यापर्यंत सुमारे २० रिंगिट. ते ॲप सिंगापुरातच सुरू करून ठेवा. ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि रोमिंग बंद असतं, तिथेच घोडं अडतं.

आजी-आजोबांसोबत

आणि लांबचं आधी, गाव शेवटी. गावातून धक्का चालत गाठता येतो, टेकडीवरून नाही.