पॉलिमर क्लेचे मोठे मणी भाजताना तडकतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, विश्रामबागला राहते. दीड वर्ष झालं, घरीच पॉलिमर क्लेचे दागिने करते. कानातली छान जमतात. चपटी असतात, ओटीजीत (घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) टाकली की झालं. पण या खेपेला ओळखीतल्या एका वहिनींनी नवरात्रासाठी पाच बोरमाळा सांगितल्या, त्याही हळदीच्या रंगात. (सांगलीकरणीला दुसरा कुठला रंग सुचणार म्हणा.) बोरमाळ म्हटली की मणी बोराएवढा हवा, आणि तिथंच सगळं अडलंय.

मणी साधारण 16 मिमीचे, आतून भरीव. काल 24 भाजले, त्यातले 9 गेले. सहा मण्यांना भोकापासून पोटापर्यंत केसासारखी चीर आलीय. उरलेले तीन तर आटपाडीचं डाळिंब उलावं तसे उभे उललेत. गंमत म्हणजे त्याच ट्रेवर 8 मिमीचे बारके मणी होते, त्यांच्यातला एकही तडकला नाही.

माझी पद्धत अशी: क्ले हातानं मळते, गोळा करते, बांबूची काडी आरपार घालते आणि काडीसकट भाजते. ओटीजी 130 वर, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, 20 मिनिटं. पाकिटावर 30 लिहिलंय, पण एकदा पिवळा रंग करपून तपकिरी झाला होता, तेव्हापासून भीती बसलीय. झालं की ट्रे बाहेर काढून सरळ पंख्याखाली.

क्ले मे महिन्यात मागवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात होती. मळताना थोडी भुसभुशीत लागली, पण मळून मळून आणली वळणावर.

चुकतंय कुठं? घटस्थापनेला अजून तीन आठवडे आहेत. वहिनींना अजून काही बोललेले नाही.

– – –

प्रतिसाद:

चिरेत फेविक्विक भरा, वरून पिवळा रंग मारा. लांबून कुणाला कळतंय?

– – –

धागाकर्ती:

वहिनी लांबून बघणाऱ्यातल्या नाहीत हो.

– – –

प्रतिसाद:

आमचं घर कुंभाराचं, म्हणून सांगतो. तुम्ही मणी वाळवतच नाही, थेट भट्टीत घालताय. दोन दिवस सावलीत ठेवा, कडकडीत वाळू द्या, मग भाजा. ओला माल भट्टीत गेला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती माल फोडूनच बाहेर पडते. आमच्या पणत्यांचंही तेच.

– – –

प्रतिसाद (मिरजेहून):

दादा, मातीच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं. पण हिला नुसतं नावच क्लेचं आहे, माती नाहीच ती. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग. पाणी नसतंच, मग वाळायचं काय? उष्णतेनं पीव्हीसीचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात, त्यालाच आपण भाजणं म्हणतो. म्हणून दोन दिवस काय, दोन महिने सावलीत ठेवली तरी कच्चीच राहणार.

वाफेचा मुद्दा मात्र एका ठिकाणी लागू आहे, तो म्हणजे बांबूच्या काडीला. बांबूत ओल असते. ती तापली की वाट भोकाच्या कडेनंच काढणार, आणि ताईंच्या सहा चिरा तिथूनच सुरू झाल्यात. ताई, भोक पाडून काडी काढून घ्या, नाहीतर स्टीलची तार वापरा. आणि भोक एका बाजूनं रेटून आरपार नेऊ नका. दाभण गोल फिरवत अर्ध्यापर्यंत न्या, मग दुसऱ्या बाजूनं या. रेटलं की पलीकडचं तोंड फाटतं. तेव्हा दिसत नाही, भाजल्यावर दिसतं.

उभे उललेले तीन ही जाडीची गोष्ट. वरच्या कॉइलनं बाहेरचं कवच आधी घट्ट होतं. आतला गाभा तापून फुगायला लागतो तेव्हा त्याला जागाच नसते, मग कवच फुटतं. बारके मणी का वाचले ते यातच आलं. त्यात तुम्ही ते गरम गरम पंख्याखाली ठेवले. बाहेरून गार, आतून तापलेलं, म्हणजे दुसरा ताण. ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि तासभर तिकडं बघूच नका.

वेळेबद्दल: पाकिट पुन्हा वाचा. नुसतं 30 मिनिटं नसेल, दर 6 मिमी जाडीला 30 असेल. 16 मिमीच्या भरीव मण्याला 20 मिनिटं म्हणजे आत कच्चंच. कच्चा मणी आज तडकला नाही तर ओवताना तुटेल. करपण्याची भीती वेळेची नाही, तापमानाची बाळगा. आणि तापमान कंपनीगणिक वेगळं असतं. फिमो नावाची क्ले 110 अंशांवर, प्रीमो 135 वर, केटो 150 वर. एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही.

आणि वर्तमानपत्र! कागद प्लॅस्टिसायझर ओढून घेतो. खारीच्या कागदावर तूप उतरतं ना, तसंच. क्ले भुसभुशीत झाली ती त्यामुळं. अशी क्ले म्हणजे नीट न मळलेलं जोंधळ्याचं पीठ, थापायला घेतलं की भाकरीच्या कडा फाटणारच. बेबी ऑइलचे दोन-तीन थेंब घालून परत मळा, पातळ लाटा, घडी घाला, परत लाटा. घडी नेहमी एकाच दिशेनं दाबत जा, म्हणजे मध्ये हवा कोंडत नाही. यापुढं क्ले झिपवाल्या पिशवीत.

– – –

प्रतिसाद:

मिरजेच्या ताईंनी सगळं सांगितलंय. मी एवढंच म्हणेन, ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा थर्मामीटर वेगळा मिळतो, तो घ्या. आणि खिडकी उघडी ठेवा. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तो पिवळा तपकिरी झाला तेव्हा वास आला असेलच.

– – –

धागाकर्ती:

आला होता, डोळे चुरचुरले होते. मला वाटलं रंगाचा वास.

थर्मामीटर मागवला आणि रिकामा ओटीजी लावून तासभर समोर बसले. बटण 130 वर, आणि काटा 105 ते 160! कॉइल लाल झाली की वर, विझली की खाली. म्हणजे 20 मिनिटांत माझ्या मण्यांना एकदा गारठा आणि एकदा वणवा. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेजही खालीवर होतं, त्यामुळं आता दुपारी भाजते.

बाथरूमच्या उरलेल्या फरशीचे दोन तुकडे तळाला ठेवले आणि आधी 20 मिनिटं तापवून घेतलं. ट्रेवर अॅल्युमिनियम फॉइलचं झाकण घातलं, वरच्या कॉइलची थेट आच मण्यांवर नको म्हणून. आता काटा 125 ते 137. एवढं चालेल ना?

– – –

प्रतिसाद (मिरजेहून):

पळेल. आता मणी भरीव करणंही सोडा. स्वेटरच्या सुईवर फॉइल घट्ट गुंडाळून 10 मिमीचा गोळा करा, पोळपाटावर दाबून फिरवा, त्यावर क्लेचा 3 मिमीचा थर. भोक आपोआप तयार, माळ हलकी आणि क्लेही कमी लागते. ट्रेत कॉर्नफ्लोअरचा जाड थर पसरून त्यात मणी रोवा, म्हणजे बूड चपटं होत नाही. पीठ नंतर धुतलं की जातं. 40 मिनिटं द्या. आणि हो, सोबत क्लेची एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे. काडकन मोडली तर मणीही कच्चे समजा आणि सगळे परत भाजा. दुसऱ्यांदा भाजल्यानं काही बिघडत नाही.

– – –

धागाकर्ती:

24 भाजले, 23 शाबूत! पट्टी नखाएवढी वाकवली, मोडली नाही. जो एक तडकला तो कापून बघितला, तर आतलं फॉइल सैल होतं, मध्ये पोकळी. टीव्ही बघत गुंडाळलेला असणार.

आता शेवटचं विचारते. चकाकीसाठी वरून पारदर्शक नेलपेंट लावू का? घरात आहे.

– – –

प्रतिसाद (मिरजेहून):

अजिबात नको. नेलपेंटमधलं सॉल्व्हंट क्लेला मऊ करतं. चार दिवसांनी माळ चिकट होईल आणि वहिनींच्या साडीला लागेल. 400, 800, 1200 नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्याखाली घासा आणि जुन्या जीन्सच्या तुकड्यावर चोळा. 120 मणी घासताना हात भरून येतील, म्हणून आजच बसा.