बँकेतील नोकरी सोडून विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवेत जायचे आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी साताऱ्याची. वय 43, शिक्षण एम. कॉम. गेली 18 वर्षे एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि त्यातील बराच काळ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेला आहे. आता विद्यापीठाच्या किंवा मोठ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी सेवा विभागात, म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृह, तक्रार निवारण, विद्यार्थी विकास अशा कामांत जाण्याचा विचार मी गांभीर्याने करीत आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून मला उत्तरे हवी आहेत.

हा विचार कोठून आला, ते आधी सांगते. मागच्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातील एक मुलगी पहाटेची एसटी पकडून आमच्या शाखेत आली होती. हातातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तिने बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्जाची प्रत अगदी क्रमाने लावलेली होती. वसतिगृह निर्वाह भत्ता मंजूर झाल्याचे पोर्टलवर दिसत होते, पण खात्यात पैसे आले नव्हते. महाविद्यालयाने सांगितले बँकेत विचारा, बँकेने सांगितले महाविद्यालयात विचारा, आणि यात तिचे तीन महिने गेले. मी तपासले, तेव्हा तिचा आधार क्रमांक शाळेत असताना उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याशी जोडलेला निघाला. असे अनुदान आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होते, त्यामुळे तिचे पैसे त्या जुन्या खात्यात पडून होते, आणि त्याचे पासबुकही तिच्याजवळ नव्हते. हे शोधायला मला वीस मिनिटे लागली. तोवर मेसचे पैसे थकले म्हणून तिने घरी परत जायचे ठरवून टाकले होते. हे काम विद्यार्थी जिथे शिकतात तिथेच बसून करावे, असे तेव्हापासून मला वाटते आहे. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ने कितीतरी पिढ्या शिकल्या, त्याच गावात एक मुलगी कागदासाठी शिक्षण सोडायला निघते, हे मनातून जात नाही.

मी केलेली चौकशी अशी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ असते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, शिवाय साताऱ्यात 2021 पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. मात्र अशा मंडळाचे आणि समित्यांचे काम बहुतेक ठिकाणी प्राध्यापकच अध्यापन सांभाळून पाहतात, असे मला दिसले. मग बाहेरून येणाऱ्या, अध्यापनाचा अनुभव नसलेल्या माणसाला जागा नेमकी कुठे असते?

दुसरा प्रश्न शिक्षणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, त्यामुळे अनेकांनी मला समुपदेशनाकडे वळण्याचा सल्ला दिला. मला तो पटत नाही. खचलेल्या मुलासमोर अर्धवट शिकून बसणे मला धोक्याचे वाटते, आणि 2025 पासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने शिकता येत नसल्याने दोन वर्षे नोकरी सोडून वर्गात बसावे लागेल. इग्नू या मुक्त विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी नोकरी सांभाळून घेता येईल. पण प्रशासकीय स्वरूपाच्या विद्यार्थी सेवेसाठी ती खरोखर उपयोगी पडते का, की तिथे माझा बँकेतील अनुभवच अधिक मोलाचा ठरेल?

तिसरा प्रश्न पगाराचा, आणि तो मी संकोच न करता विचारते. घराचे सहा वर्षांचे हप्ते बाकी आहेत आणि मुलगी यंदा दहावीला आहे. पगार कमी झाला तर यजमानांची आणि माझी तयारी आहे, पण दर अकरा महिन्यांनी नव्याने नेमणूक होणारी कंत्राटी जागा घेऊन आम्हाला निभावता येणार नाही. खासगी किंवा अभिमत विद्यापीठांत या कामासाठी कायम पदे असतात का? वयाची अट आड येते का?

कऱ्हाड, सांगली, इस्लामपूर या भागात कोणी असा बदल केला असेल, तर त्यांनी पहिले पाऊल कोणते टाकले ते कृपया सविस्तर लिहावे. राजीनामा देण्याआधी महिनाभराची रजा घेऊन प्रवेशाच्या हंगामात एखाद्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात विनावेतन काम करण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी अर्ज प्राचार्यांच्या नावे करावा की कुलसचिवांच्या, एवढे कळले तरी मी सोमवारी तो देईन.